रुपया-डॉलरचे जुने दर: रिझर्व्ह बँकेच्या दरसंग्रहाचे परीक्षण

डॉलरचा आजचा भाव विचारणारे पुष्कळ असतात आणि सांगणारेही पावलोपावली भेटतात. जुना भाव विचारणाऱ्याचे मात्र बहुधा कुठेतरी अडलेले असते. विवरणपत्राची मुदत जवळ आलेली असते, सीमाशुल्काचा एखादा जुना कागद उलटून आलेला असतो, किंवा भावंडांच्या वाटणीत अमेरिकेतल्या भावाने २००७ साली घरासाठी पाठवलेल्या डॉलरांचे त्या वेळी नेमके किती रुपये झाले होते, यावरून बोलणी अडलेली असतात. नागपुरात असे प्रश्न आता वारंवार कानावर येतात. मिहानमधल्या काही नोकरदारांना पगाराबरोबर परदेशी मूळ कंपनीचे शेअर मिळतात, बुटीबोरीतले कारखाने यंत्रे आणि सुटे भाग बाहेरून मागवतात, आणि धरमपेठ-रामदासपेठेत ज्या घरातले एकतरी मूल परदेशी आहे अशी घरे मोजायला बसू नये, अशी स्थिती आहे. कर सल्लागार म्हणून या सगळ्यांना मी प्रथम रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या जुन्या दरांच्या संग्रहाकडे पाठवत आले आहे. त्यामुळे एखाद्या दुकानाचे किंवा खाणावळीचे जसे परीक्षण लिहितात, तसे या सेवेचेही कोणीतरी लिहायला हवे, असे बरेच दिवस मनात होते.

निर्णय आधीच सांगते. सेवा विनामूल्य आहे, भरवशाची आहे आणि तिच्यातला आकडा कोणी खोटा पाडू शकत नाही. अडचण एवढीच की एका दिवसाला रुपया-डॉलरचा एकच दर असतो असे समजून येणाऱ्या माणसाला ही सेवा त्याच्या समजुतीतून बाहेर काढत नाही. ती विचारलेल्या तारखेचा आकडा देते आणि गप्प बसते. तो आकडा कोणत्या कामाला चालतो आणि कोणत्या कामाला चालत नाही, हे ज्याचे त्याने आधी ठाऊक करून घ्यायचे असते.

वापरण्याची रीत सोपी आहे. सुरुवातीची आणि शेवटची तारीख भरायची, चलन निवडायचे, की तारीखवार तक्ता समोर येतो. नोंदणी करावी लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि मध्येच जाहिरात उघडत नाही. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत अर्ज घेऊन जावे लागेल, अशी काही ज्येष्ठ मंडळींची समजूत असते. तशी काहीच गरज नाही. डॉलरबरोबर पौंड, युरो आणि येन यांचेही दर मिळतात. येनचा दर शंभर येनला दिलेला असतो, ही बाब शीर्षकात लिहिलेली असूनही नजरेतून निसटते आणि मग जपानी यंत्राची किंमत एकदम शंभरपट दिसू लागते.

या तक्त्यात मिळतो तो ‘संदर्भ दर’. तो कसा ठरतो हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही. पूर्वी रिझर्व्ह बँक दुपारी बाराच्या सुमारास निवडक बँकांकडे चौकशी करून हा दर काढत असे आणि जाहीर करत असे. १० जुलै २०१८ पासून हे काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेकडे गेले. रोखेबाजारातील व परकीय चलनाच्या व्यवहारातील बँकांच्या संघटना आणि भारतीय बँक संघ यांनी मिळून ही संस्था २०१४ मध्ये स्थापन केली. आता दर काढण्यासाठी बँकांना विचारत बसत नाहीत. दुपारच्या ठरलेल्या तासाभरात बाजारात प्रत्यक्ष झालेल्या डॉलरच्या व्यवहारांवरून तो काढला जातो, आणि पौंड, युरो व येन यांचे दर डॉलरमार्फत बसवले जातात. म्हणजे हा दर त्या दिवसाच्या मध्यान्हीचा असतो. सकाळी बाजार उघडतानाचा नव्हे, संध्याकाळी बंद होतानाचा नव्हे, आणि दिवसभरातला सर्वांत वरचा किंवा खालचा तर नव्हेच.

याचा नमुना पाहायचा तर २८ ऑगस्ट २०१३ ही तारीख संग्रहात घालावी. अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखे खरेदीचा हात आखडता घेणार, या धास्तीने त्या दिवसांत आपल्याकडून डॉलर बाहेर जात होते आणि त्या दिवशी रुपयाने तोवरचा नीचांक गाठला. ज्यांना तो दिवस आठवतो, त्यांच्या डोक्यात ६८ रुपये ८० पैशांच्या पुढचा आकडा बसलेला आहे, कारण वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर तोच होता. संग्रहात मात्र त्या तारखेपुढे ६८.३६ मिळतो. दोन्ही आकडे खरे आहेत. एक त्या दिवशीच्या बाजाराने गाठलेला तळ आहे आणि दुसरा त्याच दिवसाच्या मध्यान्हीचा संदर्भ दर. हिशेबाच्या वहीत दुसरा चालतो आणि पहिला चालत नाही, हे एकदा मान्य केले की निम्मे वाद मिटतात.

शनिवार, रविवार आणि मुंबईच्या बँक-सुट्ट्यांच्या दिवशी हा दर निघत नाही, म्हणून त्या तारखा तक्त्यात येतच नाहीत. येथे मुंबई हा शब्द महत्त्वाचा आहे. तान्ह्या पोळ्याला, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, आपल्या जिल्ह्यात स्थानिक सुट्टी दिली जाते. मुंबईचा चलनबाजार त्या दिवशी नेहमीसारखा चालतो आणि दर मिळतो. उलट तक्त्यातली एखादी तारीख गळलेली दिसली, तर ती का गळली याची टीप शेजारी नसते. वापरणाऱ्यानेच ती सुट्टी ओळखायची आणि आपल्या करारात किंवा नियमात आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घ्यायला सांगितले आहे की नंतरच्या, ते पाहायचे. मला ही पद्धत आवडते. जो दर बाजारात निघालाच नाही तो तक्त्यात नसावा, हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. अनेक खासगी संकेतस्थळे आणि मोबाइल अ‍ॅप रविवारचाही दर सहा दशांश स्थळांपर्यंत दाखवतात. बाजार बंद असताना दाखवलेला तो आकडा बहुतेक वेळा शुक्रवारच्या शेवटच्या भावाचीच पुढे ओढलेली छाया असते, आणि दशांश स्थळे जितकी जास्त तितका भाबडा वाचक तिच्यावर अधिक विश्वास ठेवतो.

आता ज्या कामासाठी नागपुरातले सर्वाधिक लोक हा संग्रह उघडतात, त्या प्राप्तिकराकडे वळते. कारण नेमक्या याच कामाला हा संग्रह बहुधा चालत नाही. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांतील ११५ वा नियम परकीय चलनातले उत्पन्न रुपयांत कसे आणायचे ते सांगतो, आणि त्यासाठी तो रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर नव्हे, तर भारतीय स्टेट बँकेचा ‘टीटी बाइंग’ दर मागतो. परदेशातून तारेने, म्हणजे आता इलेक्ट्रॉनिक मार्गाने, आलेले डॉलर स्टेट बँक ज्या दराने विकत घेते तो हा दर. बँक डॉलर घेताना स्वतःचे मार्जिन कापून घेते, त्यामुळे तो दर बाजारातल्या मध्यभावापेक्षा थोडा कमी असतो. त्यातही तारीख कोणती, हे उत्पन्नाच्या प्रकारानुसार बदलते. पगार असेल तर तो ज्या महिन्यात देय झाला त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. लाभांश असेल तर तो जाहीर झाला, वाटला गेला किंवा मिळाला त्या महिन्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. शेअर विकून झालेला भांडवली नफा असेल तर विक्रीच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. घरभाडे, धंदा किंवा बँक ठेवीच्या व्याजासारखे इतर उत्पन्न असेल तर आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यामुळे नियमांचे क्रमांक बदलले तरी मागील वर्षांची प्रकरणे जुन्या नियमानेच पाहिली जातात, त्यामुळे हा नियम इतक्यात विस्मरणात जाणार नाही.

तारखेच्या या फरकाने किती उलथापालथ होते, हे वर दिलेल्या २०१३ च्या ऑगस्टवरूनच पाहता येते. समजा, एखाद्याने २८ ऑगस्ट २०१३ रोजी अमेरिकेतले शेअर दहा हजार डॉलरला विकले. संग्रहातला त्या दिवसाचा दर धरला तर ६ लाख ८३ हजार ६०० रुपये होतात. नियम मात्र ३१ जुलै २०१३ च्या दराकडे बोट दाखवतो, आणि त्या दिवशी डॉलर साठ-एकसष्ट रुपयांच्या आसपास होता. रक्कम सहा लाखांच्या थोडी वर येते. एका महिन्याच्या अंतराने सुमारे सत्तर हजारांचा फरक पडला. येथे तो करदात्याच्या बाजूने पडला. रुपया सावरत असलेल्या महिन्यात तो उलटाही पडतो. शेअरची मूळ किंमत आणि विक्रीची रक्कम आपापल्या तारखेच्या दराने वेगवेगळी बदलायची, की आधी डॉलरमध्येच नफा काढून मग तो एकदाच रुपयांत आणायचा, यावर सल्लागारांतही एकमत नाही, पण तो वाद या लेखाचा विषय नव्हे. परदेशी मालमत्तेची माहिती ज्या परिशिष्टात भरावी लागते, तेथे तर आर्थिक वर्षाऐवजी कॅलेंडर वर्ष चालते आणि ३१ डिसेंबरच्या शिलकीसाठी पुन्हा स्टेट बँकेचाच टीटी बाइंग दर लागतो. छिंदवाडा रस्त्यावरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत देशभरचे प्राप्तिकर अधिकारी तयार होतात. निदान या शहरातल्या करदात्यांना तरी हे बारकावे ठाऊक असावेत, अशी माझी जरा आगाऊ अपेक्षा आहे.

मग स्टेट बँकेचे जुने दर कुठे मिळतात? बँकेचे दरपत्रक कामकाजाच्या प्रत्येक दिवशी निघते. त्यात टीटी, हुंडी, प्रवासी कार्ड आणि रोख नोटा यांचे खरेदीचे व विक्रीचे वेगवेगळे स्तंभ असतात, आणि एकाच दिवशी एकाच डॉलरला इतके भाव पाहून नवखा माणूस चक्रावतो. ज्याला नियमितपणे हे दर लागतात, त्याने प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवसाचे दरपत्रक त्याच दिवशी उतरवून जपून ठेवावे, हा माझा पक्षकारांना नेहमीचा सल्ला आहे. काही स्वयंसेवी तंत्रज्ञांनी अशी दरपत्रके रोज गोळा करून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो; मात्र तेथून घेतलेला दर मूळ दरपत्रकाच्या पीडीएफवरून ताडून पाहिल्याशिवाय विवरणपत्रात घालू नये. ३१ मार्चची किंवा एखाद्या महिनाअखेरची तारीख सुट्टीची निघाली, तर आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घेण्याचा प्रघात आहे, आणि तो दर का घेतला याची एक ओळ टिपणात लिहून ठेवलेली बरी.

सीमाशुल्काचे गाव तर त्याहून निराळे. आयात-निर्यातीच्या मालाचे मूल्य रुपयांत काढण्यासाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ स्वतःचे दर जाहीर करते, आयातीसाठी एक आणि निर्यातीसाठी दुसरा. हे दर महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी निघतात, आणि ४ जुलै २०२४ पासून त्यांची वेगळी अधिसूचना न काढता ते सीमाशुल्काच्या पोर्टलवरच प्रसिद्ध होतात. बुटीबोरीच्या कारखानदाराला जुन्या बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयात मालाच्या सीमाशुल्क-नोंदीच्या कागदाचा, ताळा करायचा असेल, तर रिझर्व्ह बँकेचा संग्रह उघडून काहीही हाती लागणार नाही. वस्तू व सेवा करातही मालाच्या निर्यातीला सीमाशुल्काचा दर आणि सेवेच्या निर्यातीला लेखापद्धतीनुसार त्या दिवशीचा दर, अशी विभागणी आहे. याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

मात्र एक ठिकाण असे आहे, जेथे संदर्भ दर थेट सर्वसामान्य माणसाच्या पावतीला येऊन भिडतो, आणि ते क्वचितच कोणाच्या लक्षात येते. सीताबर्डीवरच्या चलन बदलून देणाऱ्या दुकानांत काचेमागे खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन भाव लावलेले असतात. मुलाच्या सेमिस्टरच्या आधी डॉलर घ्यायला आलेले गृहस्थ मोबाइल पुढे करून “इथे तर वेगळाच दाखवून राहिला ना!” असे म्हणतात आणि काउंटरवरचा मुलगा पाठ केलेले उत्तर देतो. दोघांच्या बोलण्यात न आलेला तिसरा दर म्हणजे रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर. चलन बदलण्याच्या सेवेवर जो वस्तू व सेवा कर लागतो, त्यासाठी सेवेचे मूल्य म्हणून दुकानाचा दर आणि त्या वेळचा संदर्भ दर यांतला फरक गुणिले बदललेले डॉलर, असा हिशेब नियमात दिला आहे. ज्या चलनाला संदर्भ दर नाही, तेथे रुपयांतल्या रकमेचा एक टक्का धरतात. दुकानदाराला पर्याय म्हणून ठरावीक टप्प्यांची रीतही वापरता येते. तीत एक लाखापर्यंतच्या व्यवहाराला एक टक्का, आणि किमान २५० रुपये, हे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लावतात, म्हणजे कमीत कमी ४५ रुपये. ज्याला आपल्या पावतीतला कर पटत नसेल, त्याने ती तारीख संग्रहात घालून संदर्भ दर काढावा आणि दुकानाच्या दराशी त्याचे अंतर पाहावे. दुकानाने नक्की किती मार्जिन घेतले, हे त्या एका वजाबाकीत उघडे पडते. ग्राहकाच्या दृष्टीने या संग्रहाचा याहून थेट उपयोग मला माहीत नाही.

रोजच्या दरांच्या संग्रहाविषयी एवढेच. तो जेथवर मागे जातो त्याहून जुन्या काळात जायचे असेल तर रिझर्व्ह बँकेच्याच दुसऱ्या दालनात जावे लागते. भारतीय अर्थव्यवस्थेवरील सांख्यिकीची जी पुस्तिका बँक दरवर्षी प्रसिद्ध करते, तीत १९७०-७१ पासून प्रत्येक आर्थिक वर्षाची सरासरी आणि वर्षअखेरचा दर असे दोन्ही आकडे डॉलर, पौंड, येन आणि आधी जर्मन मार्क व नंतर युरो यांच्यासाठी दिलेले आहेत. मला विचाराल तर या सेवेचा खरा ऐवज हा तक्ता आहे. करासाठी त्याचा उपयोग मर्यादित आहे, पण रुपयाविषयी आपल्या डोक्यात बसलेल्या कितीतरी गोष्टी तो पुसून टाकतो.

पहिली समजूत अशी की रुपया स्वातंत्र्यापासून दरवर्षी नेमाने घसरत आला. तक्ता तसे सांगत नाही. १९७०-७१ मध्ये डॉलर ७ रुपये ५० पैशांना होता; १९७६-७७ मध्ये तो ९ रुपयांच्या आसपास गेला आणि १९८०-८१ मध्ये पुन्हा ७ रुपये ९१ पैशांवर आला. २०००-०१ ची सरासरी ४५ रुपये ६८ पैसे आहे आणि २०१०-११ चीही साडेपंचेचाळीस रुपयांच्याच आसपास आहे. दहा वर्षांत काहीच हलले नाही, असे वाटावे. पण मधल्या ओळी वाचल्या तर २००२-०३ मध्ये सरासरी ४८ रुपये ४० पैशांपर्यंत चढलेली आणि २००७-०८ मध्ये ४० रुपये २४ पैशांपर्यंत उतरलेली दिसते. वाटणीच्या वादातल्या ज्या भावाने २००७ साली डॉलर पाठवले, त्याच्या डॉलरांना आधीच्या आणि नंतरच्या वर्षांपेक्षा कमी रुपये मिळाले, हे घरच्यांना पटवून द्यायला हा तक्ता पुरेसा होतो.

दुसरी समजूत व्हॉट्सअ‍ॅपवर दर पंधरा ऑगस्टला फिरते, ती म्हणजे १९४७ मध्ये एक रुपया एका डॉलरबरोबर होता. हा तक्ता तेवढ्या मागे जात नाही, पण अधिकृत दरांवरून उत्तर काढता येते. त्या काळी रुपया पौंडाशी बांधलेला होता. १९२७ च्या चलन कायद्याने रुपयाची किंमत एक शिलिंग सहा पेन्स ठरवली होती, म्हणजे पौंडाला १३ रुपये ३३ पैसे. १९४७ मध्ये पौंड ४.०३ डॉलरला होता. भागाकार केला की डॉलर सुमारे ३ रुपये ३१ पैशांना पडतो. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला, भारताने रुपयाही तितकाच खाली आणला, आणि डॉलर ४ रुपये ७६ पैसे झाला. पौंडाचा भाव मात्र रुपयांत जिथे होता तिथेच राहिला. पाकिस्तानने त्या वेळी आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले नाही, त्यामुळे काल-परवापर्यंत एक असलेल्या दोन रुपयांमध्ये पहिल्यांदा अंतर पडले.

६ जून १९६६ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर नेला. याच घटनेला कोणी ३६.५ टक्के अवमूल्यन म्हणतो आणि कोणी ५७.५ टक्के, आणि दोघेही बरोबर असतात: रुपयाची डॉलरमधली किंमत ३६.५ टक्क्यांनी उतरली, तर डॉलरची रुपयांतली किंमत ५७.५ टक्क्यांनी चढली. जुन्या दरांवर बोलताना कोणत्या बाजूने टक्के काढले ते सांगितले नाही, तर सभेत हमखास भांडण होते. पौंड तेव्हा २१ रुपयांचा झाला. पुढे नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पुन्हा पौंड खाली आणला, या खेपेस भारत त्याच्या मागे गेला नाही, आणि पौंड १८ रुपयांवर आला. डिसेंबर १९७१ मध्ये जगभरच्या दरांची फेरमांडणी झाली तेव्हा रुपया पौंडाला १८.९६७७ या दराने पुन्हा बांधला गेला, आणि डॉलर ७ रुपये २८ पैशांवर उतरला. सप्टेंबर १९७५ मध्ये ही दावण सुटली आणि रुपया अनेक चलनांच्या टोपलीशी जोडला गेला. ज्याला सत्तरच्या दशकातल्या आकड्यांचा चढउतार समजत नाही, त्याने आधी रुपया कोणत्या वर्षी कशाशी बांधलेला होता ते पाहावे; त्या काळातला डॉलरचा दर पुष्कळदा लंडनमधल्या घडामोडींमुळे हलला आहे, दिल्लीतल्या नव्हे.

या तक्त्याची मर्यादा १९९१ च्या ओळीत दिसते. त्या वर्षी १ आणि ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपया सुमारे १८ ते १९ टक्के खाली आणला गेला. वार्षिक सरासरीत मात्र १९९०-९१ चे १७ रुपये ९४ पैसे आणि १९९१-९२ चे २४ रुपये ४७ पैसे, एवढेच दिसते. तीन दिवसांत घडलेले संपूर्ण वर्षावर पसरून सपाट होते. पुढच्या वर्षी तर अधिकच गुंता आहे. मार्च १९९२ पासून वर्षभर दोन दर एकाच वेळी चालू होते: निर्यातदाराला मिळालेल्या डॉलरांपैकी ४० टक्के सरकारी दराने द्यावे लागत आणि उरलेल्या ६० टक्क्यांना बाजारभाव मिळे. म्हणून १९९२-९३ साठी एक सरासरी साडेसव्वीसच्या आत आणि दुसरी तिशीच्या पलीकडची आढळते. मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक झाले आणि रुपयाचा दर बाजारात ठरू लागला. या वर्षाचा दर कोणी छातीठोकपणे एकाच आकड्यात सांगितला, की त्याने तक्त्याखालची टीप वाचलेली नाही असे समजावे.

खासगी संकेतस्थळांविषयी थोडक्यात लिहिते. आलेख पाहण्यासाठी ती सोयीची आहेत. दहा वर्षांची रेघ एका नजरेत दिसते, आणि रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यातून ती स्वतः काढावी लागते. परंतु त्यांचा दर मध्यभावाचा असतो, तो कोणत्या वेळी घेतला हे बहुधा लिहिलेले नसते, आणि न्यायाधिकरणापुढे किंवा अधिकाऱ्यापुढे त्याला आधार नसतो. एका परदेशी संकेतस्थळावर १९९२ मधल्या एका तारखेला रुपयाचा एकच दर चार दशांशांसह ठेवलेला मी पाहिला आहे, तो दोन दरांपैकी कोणता याचा उल्लेख न करता. शाळेच्या प्रकल्पाला तो चालेल.

रिझर्व्ह बँकेच्या सेवेत मला दोन सुधारणा हव्या आहेत, आणि दोन्ही फार खर्चाच्या नाहीत. पहिली म्हणजे रोजचा संग्रह आणि वार्षिक पुस्तिका यांची एकमेकांना ओळख करून द्यावी; एका पानावर आलेल्या माणसाला दुसरे पान अस्तित्वात आहे याची कल्पनाच नसते. दुसरी म्हणजे दर दाखवणाऱ्या तक्त्याच्या डोक्यावर एक ओळ असावी: हा संदर्भ दर आहे, प्राप्तिकरासाठी स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर आणि सीमाशुल्कासाठी मंडळाचा दर पाहावा. तोपर्यंत ज्यांना छापील प्रत फाइलला लावायची आहे, त्यांनी प्रतीच्या कोपऱ्यात दराचा प्रकार, ज्या तारखेचा दर आहे ती तारीख आणि प्रत ज्या दिवशी काढली तो दिवस, या तीन गोष्टी पेनाने लिहाव्यात. सिव्हिल लाइन्समधल्या प्राप्तिकर कार्यालयातल्या सुनावणीत तीन वर्षांनी तोच कागद निघतो, आणि तेव्हा तो आकडा कुठून आला होता हे आठवणारा कारकून नोकरी सोडून गेलेला असतो.